नानांचं विमान, अक्कांचा डावा पाय

भाडेकरू ठेवताना घरमालक काय विचारतात? नोकरी कुठे, घरात माणसं किती, मटण-मासे करता का. धुळ्याला देवपुरात मी खोली बघायला गेले तेव्हा नानांनी मला एकच प्रश्न विचारला.

"गाडीत उलटी होते का तुम्हाला?"

मी म्हटलं, "घाटात होते कधी कधी. का?"

"मग मागच्या खुर्चीवर बसत जा," नाना म्हणाले आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. मागची खुर्ची कसली, कुठली, काही कळलं नाही. पण खोली हवेशीर होती, नळाला पाणी होतं, म्हटलं असेल म्हातारा थोडा सरकलेला, आपल्याला काय करायचंय.

आधीच सांगून ठेवते, नाना अजून ठणठणीत आहेत. कुणी कुणाच्या आठवणी लिहायला घेतल्या की वाचणारे लगेच फोटोला हार घालून मोकळे होतात. तसं काही नाही. माझी बदली झाली आणि मी माझ्या गावी, जळगावला परत आले, एवढंच. परवा ऑफिसात एकजण तोंड वर करून म्हणाला, "मॅडम, नव्या सिस्टिमवर हे चालणारच नाही." माझ्या तोंडून फाटकन निघालं, "कोन म्हनस?" मग दिवसभर नाना डोक्यातून जाईनात.

"कोन म्हनस?" म्हणजे कोण म्हणतं. एरवी नाना आपल्यासारखंच बोलायचे, पण डोकं फिरलं की गावची बोली बाहेर यायची आणि त्यातलं हे पहिलं वाक्य. जन्म साक्री तालुक्यातला, नोकरी जिल्हा परिषदेत लिपिकाची. साहेब म्हणाले की असं करता येत नाही, तर नानांचं ठरलेलं, "कोन म्हनस? नाव सांगा, गाव सांगा, सहीचा कागद दाखवा." सहीचा कागद नसेल तर नाना कुणाचं ऐकायचे नाहीत आणि कुणी बिनसहीचा कागद आणला तर त्याला दारातून आत घ्यायचे नाहीत. परिणाम व्हायचा तो झाला. आज साक्री, उद्या पिंपळनेर, परवा शिंदखेडा, की परत साक्री. बदलीची ऑर्डर आली की हे गडी पेढे वाटायचे. आणि घरातलं सामान कोण बांधणार? अक्का.

अक्का म्हणजे त्यांच्या मंडळी. बारीक चणीच्या, बोलणं कमी, पण बोलल्या की विषय संपला. त्यांचं शिलाई मशीन दर बदलीत टेम्पोच्या टपावर चढायचं आणि नव्या गावात चार दिवसांत पाटी लागायची. "यासनी जीभमुये मी बठ्ठा जिल्हा देखी टाका," म्हणजे यांच्या जिभेपायी सगळा जिल्हा बघून झाला, असं त्या म्हणायच्या, आणि नानांकडे अशा बघायच्या की त्यात राग किती आणि कौतुक किती ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. पिंपळनेरच्या बायका मी होते तेव्हाही लग्नसराईत ब्लाऊज शिवायला धुळ्याला त्यांच्याकडे यायच्या.

आता विमानाचं सांगते.

धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे. रिटायर झाल्यावर नाना एकदा अक्कांना स्कूटरवर मागे बसवून तिथे शिकाऊ विमानं बघायला गेले. गेटवर अडवलं. "आजोबा, हे तुमचं काम नाही. घरी जा." बस्स. एवढं पुरे होतं. नाना घरी गेले, आणि त्याच आठवड्यात पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आला. विमान चालवायचा जो खेळ असतो, फ्लाइट सिम्युलेटर, तो आला. खेळ हा शब्द मी वापरतेय हं. नानांपुढे वापरलात तर चहा मिळायचा नाही.

कीबोर्डवर विमान उडवणं नानांना मान्य नव्हतं. "टायपिंग मी नोकरीत केलं." म्हणून कुठूनशी एक जुनी जॉयस्टिक मिळवली, तिला ते दांडी म्हणायचे. इंजिनाचा जोर कमी-जास्त करायला मोपेडची ॲक्सिलेटरची मूठ लाकडी फळीवर ठोकली. राहिले पाय. जमिनीवर विमान डावी-उजवीकडे वळवायचं तर पायाने दाबायचे दोन पेडल लागतात. अक्कांच्या शिलाई मशीनला तोवर मोटर बसली होती, पाय मारायची खालची लोखंडी जाळी नुसतीच पडून होती. अक्का भाचीच्या बारशाला गेल्या आणि आल्या तर जाळीचे दोन तुकडे झालेले! नानांनी वेल्डिंगवाल्याकडे नेऊन मधोमध कापून आणले, खाली बिजागरी लावली, किती दाबलं ते मोजायला रेडिओचा आवाज वाढवायची बटणं जोडली आणि सगळ्या वायरी एका डबीतून कॉम्प्युटरला नेल्या.

अक्का पुष्कळ दिवस बोलल्या नाहीत. मग एका संध्याकाळी आल्या, नानांच्या शेजारी खुर्ची ओढली, त्या दोन तुकड्यांवर पाय ठेवले आणि म्हणाल्या, "जाळी मन्ही शे. पाय मीच ठेवसू."

तेव्हापासून ते विमान दोघांचं. नानांच्या हातात दांडी आणि मूठ, अक्कांच्या पायात पेडल. नाना ओरडणार "डावा पाय!" आणि अक्का दाबणार. "उजवा पाय!" अक्का दाबणार. आख्खी गल्ली ऐकायची. दूधवाला तर विचारायचा, "नाना, आज कवायत किती वाजता?"

आणि मागे प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. प्रवाशांच्या. मी दर शनिवारी जळगावला घरी जायची. नाना बॅग बघितली की अडवायचे. "ओ जळगाव!" मला ते गावाच्याच नावाने हाक मारायचे. "बस कशाला? मी सोडतो." मी म्हणायची, "नाना, माझी बस जाईल हो!" "बसने नंतर जा. आधी विमानाने जा." पहिल्या वेळी मी इतकी भडकले होते की विचारू नका. दिवसभर ऑफिसात डोकं पिकलेलं, आणि हा माणूस मला हातात लिमलेटची गोळी देऊन, बॅग मांडीवर घेऊन बसवतोय! पण अक्का मागे वळून हळूच म्हणाल्या, "बस व माय, त्यासनं मन मोडू नको." बसले.

नाना वाटेत माहिती द्यायचे. "डावीकडे सोनगीरचा किल्ला." पडद्यावर नुसतं तपकिरी माळरान असायचं. "हे पारोळं आलं." तिथेही माळरान. "ही झाडं परदेशी दाखवतात मेले, ती आपण केळी समजायची." केळी आली की समजायचं जळगाव आलं. विमान टेकलं की टाळ्या वाजवायच्या असा नियम होता. टाळ्या वाजवून मी धावत सुटायची आणि खऱ्या बसमध्ये उभ्याने पारोळ्यापर्यंत जायची. पुढे पुढे मात्र, खोटं कशाला बोलू, शनिवारी मीच विचारायला लागले, "नाना, आज वारा कसाय?"

जळगावला प्रवाशांचं खरं विमान उतरतं आणि धुळ्याला नाही, हे नानांच्या मनात फार होतं. मी एकदा सहज चिडवलं तर म्हणाले, "तुमच्या जळगावला कोणीतरी आणून उतरवतं. आम्ही धुळेकर आमचे आम्ही उडतो."

दसऱ्याला त्यांचं सीमोल्लंघन विमानानेच असायचं. आदल्या दिवशी खंडेनवमीला लोक हत्यारं-अवजारं पूजतात, नाना कॉम्प्युटर, दांडी, मूठ आणि पेडल पुजायचे. झेंडूचा हार, हळदकुंकू, सगळं रीतसर. आणि पूजेतल्या वस्तूला दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा कडक नियम. दसऱ्याला सकाळी दोघं उडायचे, धुळे जिल्ह्याची हद्द ओलांडायचे, जळगावला टेकून परत यायचे, आणि मग गल्लीत आपट्याची पानं वाटायला निघायचे.

मग एका वर्षी श्रावणात, सकाळी अक्का दूध तापवता तापवता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा बोलणं शाबूत होतं, हातही हळूहळू वळायला लागला. डावा पाय मात्र दगड. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाय रोज हलवला तर येईल, पडून राहिला तर आखडेल. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या, बिचाऱ्या गोड बोलायच्या, "आजी, वर करा, खाली करा." अक्का भिंतीकडे तोंड करायच्या. मी रागावले, हात जोडले, नानांनी तर काय काय केलं. काही उपयोग नाही.

त्यांचा मुलगा पुण्याला. मुलगा वाईट नव्हता हो, रोज फोन करायचा, फोनवर रडायचा. पण त्याने ठरवून टाकलं होतं. "दिवाळीला गाडी घेऊन येतो. तोवर आईचा पाय हलला तर ठीक, नाहीतर दोघांना घेऊनच जाणार. घर देऊन टाकू." नाना फोनवर गरजले, "कोन म्हनस?" आणि मुलगा म्हणाला, "मी म्हणतो बाबा. नाव, गाव सगळं ठाऊक आहे तुम्हाला." नानांनी फोन ठेवून दिला. अक्का आतून सगळं ऐकत होत्या. दुपारी मी त्यांची वेणी घालत होते तेव्हा म्हणाल्या, "माले पुनाले जानं नही. पन हाऊ पाय आयकत नही ना." मला रडू आवरेना. त्यांनीच माझा हात थोपटला.

नानांनी मग मनात पक्कं केलं. दसऱ्याला अक्कांना खुर्चीत बसवायचं, पाय पेडलवर ठेवायचा. "त्या बाईसाठी नाही हलवणार ती. विमानासाठी हलवेल," ते मला म्हणाले. "मी ओरडलो आणि तिने दाबलं नाही असं कधी झालंय?"

आता त्या कॉम्प्युटरवर कित्येक महिने एक सूचना येत होती. नवीन सिस्टिम तयार आहे, घालू का? नाना दर वेळी "नंतर" वर बोट ठेवायचे. "नंतर म्हणजे कधी, ते मी ठरवणार." पण खंडेनवमीला त्यांनी काय केलं माहितीये? समई जशी विझू द्यायची नाही तसा पडदाही विझू द्यायचा नाही म्हणून कॉम्प्युटर चालू ठेवला. पडद्यावर गोंदूरची धावपट्टी, भोवती झेंडूचा हार. आणि पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही! रोज कुणीतरी "नंतर" म्हणणारं असायचं, त्या दिवशी कुणीच नव्हतं. मशीनने बघितलं, मालक काही बोलत नाही, आणि आपलं आपण नवी सिस्टिम घालून घर बदलून घेतलं.

दसऱ्याला सकाळी अक्का न्हाऊन हिरवं लुगडं नेसल्या. आम्ही दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं, डावा पाय उचलून पेडलवर ठेवला. नानांनी हार काढला. पडदा वेगळाच. निळा, गुळगुळीत, खालची चित्रं कोपऱ्यातून मधोमध येऊन बसलेली. "हे कुणी केलं?" नाना म्हणाले. तरी विमान सुरू केलं. गोंदूरला विमान उभं असतं तिथून धावपट्टीवर यायचं तर आधी डावीकडे वळावं लागतं. नाना ओरडले, "डावा पाय!"

अक्कांनी डोळे मिटले, ओठ दाबले, कपाळावर घाम आला. विमान जागचं हललं नाही.

"डावा पाय!"

काही नाही. अक्कांनी डोळे उघडले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मन्हा पाय गया."

"पाय नाही गेला!" नाना ताडकन उठले. "मशीन गेलं! ही बघ माझी दांडी, हीसुद्धा चालत नाही! मूठ चालत नाही!" ते दांडी पिळत होते, मूठ पिळत होते, विमान ढिम्म. खरंच बंद होतं सगळं. पण अक्कांना पटेना. आपल्यासमोर म्हातारा नाटक करतोय असं त्यांना वाटलं. मला म्हणाल्या, "माले आथरुनवर ने."

त्या दिवशी नानांनी दसरा थांबवला. म्हणजे अक्षरशः. "सीमोल्लंघन झालं नाही, तर दसरा झालाच नाही." तोरण उतरवू देईनात. हार सुकले, काळे पडले, तरी तसेच. आपट्याची पानं डब्यात बंद. दूधवाल्याने विचारलं, "नाना, सोनं नाही दिलं यंदा?" तर म्हणाले, "दसऱ्याला देईन. अजून यायचाय." लोक हसले. हसू देत. माझं मात्र टाळकं सटकलं होतं, नानांवर नाही, त्या मशीनवर. एका आजारी बाईला तुझा पाय गेला असं सांगणारं हे कोण लागून गेलं?

ऑफिसातून सुटले की मी बसायची. आधी दुकानात विचारलं. दुकानदाराने डबी हातात घेतली, हसला, म्हणाला, "मॅडम, हे भंगारात द्या. नवीन मिळतात, छान रंगीत." मी म्हटलं, "तुम्ही तुमचं दुकान सांभाळा." मुलाने फोनवर तेच सांगितलं, "बाबा, नवीन घेऊन पाठवतो." नानांचं उत्तर, "नव्या पेडलवर तिचा पाय चढेल का? तिच्या पायाला ती जाळी ओळखीची आहे." मला तेव्हा ते हट्टाचं वाटलं. पण बघा ना, जन्मभर त्याच लोखंडावर पाय ठेवलेला, त्याला दुसरं काय देणार?

शेवटी दोष सापडला. जुन्या वस्तूचं बोलणं कॉम्प्युटरला समजावून सांगणारी एक फाइल असते, ड्रायव्हर म्हणतात तिला. नानांच्या डबीची फाइल कुण्या हौशी माणसाने कधीकाळी बनवलेली. तिच्यावर कुठल्या कंपनीची डिजिटल सही नव्हती. जुनी सिस्टिम चालवून घेत होती, नवी मात्र सहीशिवाय आत घेईना.

नानांना हे सांगितलं तर ते खुर्चीत मागे टेकले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "म्हणजे माझाच धडा मला शिकवतंय हे!" आणि असे हसले की आतून अक्कांनी विचारलं, काय झालं. हसून झाल्यावर विचारलं, "साहेबाला डावलून आत घ्यायचा रस्ता असतोच. कुठाय तो?"

रस्ता होता. सिस्टिमचा एक पहारेकरी बंद करावा लागत होता. मी बंद करायला गेले तर पडद्यावर लाल अक्षरांत इशारा, तुमचं मशीन असुरक्षित होईल. मी थबकले. नानांनी चष्मा वर केला. "कोन म्हनस? नाव लिहिलंय का कुणाचं? नाही ना? मग कर बंद. चोर येऊन नेणार काय यातलं? गोंदूरची धावपट्टी?" मी केलं. कॉम्प्युटर बंद होऊन परत उठला आणि डबीवरचा बारका दिवा लागला. आम्ही दोघं ओरडलो.

इतक्यात संपेल तर ते मशीन कसलं! दांडी पुढे केली की इंजिन बंद पडायचं. मूठ पिळली की विमान नाक वर करायचं. उजवा पेडल दाबला तर दिवे लागायचे. सगळ्यांची कामं एकमेकांत गेली होती. नाना म्हणाले, "आमच्या ऑफिसात बदल्यांच्या महिन्यात असंच व्हायचं." एकेकाला धरून परत ज्याच्या त्याच्या खुर्चीवर बसवलं. दांडी लागली, मूठ लागली. नाना मूठ पिळून इंजिनाचा आवाज अक्कांना ऐकवत होते. "ऐक! मशीनच गेलं होतं!"

अक्का स्वतः म्हणाल्या, "माले तठे ने." आम्ही नेलं.

आता शेवटचं राहिलं होतं. मशीन पेडलचं माप मागत होतं. आधी पेडल मोकळा सोडा, मग पूर्ण दाबा. उजवा झाला. डाव्याला अक्कांनी दाबायच्या आधी मीच खाली बसून हाताने पेडल पूर्ण दाबला, म्हटलं लवकर उरकू. माप घेतलं. नाना सरसावून बसले. "डावा पाय!"

अक्कांनी दाबलं. या वेळी मी पेडलकडे बघत होते. हललं! बोटभरसुद्धा नाही, पण जाळी हलली! पडद्यावरची डाव्या पायाची पट्टी मात्र जेमतेम नखाएवढी भरली आणि विमान होतं तिथेच. मशीनच्या हिशेबी ते काहीच नव्हतं. माझ्या हाताचा जोर म्हणजे पूर्ण, आणि अक्कांचा जोर म्हणजे शून्य.

अक्कांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाय मागे घ्यायला लागल्या. तो घेतानाही किती कष्ट!

नाना उठले. मला वाटलं आता कॉम्प्युटर उचलून गल्लीत फेकतात. पण ते पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि समोर साहेब बसलाय अशा आवाजात म्हणाले, "पूर्ण म्हणजे किती, हे तू ठरवणार? कोन म्हनस?" मग माझ्याकडे वळले. "ओ जळगाव, याला परत माप घ्यायला लाव. या वेळी कुणी हात लावायचा नाही."

मशीनने परत विचारलं, पूर्ण दाबा. अक्कांनी दाबलं. तेवढंच, बोटभर नाही इतकं. नाना म्हणाले, "झालं. हेच पूर्ण. घे म्हणावं."

मशीनने घेतलं.

"डावा पाय!"

अक्कांनी दाबलं आणि पट्टी भरली. काठोकाठ. विमानाने नाक डावीकडे वळवलं, वळवत वळवत धावपट्टीवर आणलं आणि समोर सरळ रस्ता उघडला. अक्का पडद्याकडे बघतच राहिल्या. तोंडावर पदर घेतला. नानांनी मूठ पिळली. आम्ही उडालो. सोनगीर, पारोळं, परदेशी झाडांची केळी, जळगाव. मी इतक्या टाळ्या पिटल्या की शेजारचे डोकावले. त्या संध्याकाळी नानांनी डब्यातली वाळलेली पानं काढली आणि गल्लीभर सोनं वाटलं. कुणी म्हणालं, "नाना, दसरा केव्हाच झाला." नाना म्हणाले, "तुमचा."

मग रोजची फेरी सुरू झाली. व्यायामाच्या बाई यायच्या त्या नुसत्या बघत बसायच्या, पायाखाली हात देऊन कसं दाबायचं सांगायच्या, जाताना लिमलेटची गोळी घेऊन जायच्या. रोज डावं वळण, रोज तीच जाळी. काही दिवस मला फरक दिसला नाही आणि मी विचारलंही नाही. दिवाळी जवळ येत होती.

धनत्रयोदशीला सकाळी मुलगा आणि सून गाडी घेऊन आले. गाडीच्या डिकीत मोठ्या बॅगा होत्या, रिकाम्या. सामान भरायच्या. मी त्या बघितल्या, नानांनी बघितल्या, अक्कांनीही खिडकीतून बघितल्या. मी जळगावला निघाले होते, दिवाळीला. नाना मुलाला म्हणाले, "आधी हिला सोडून येऊ. बस मागे. उलटी होते का तुला गाडीत?" मुलाने सुनेकडे बघितलं, मुकाट बसला. मी शेजारच्या खुर्चीत, बॅग मांडीवर.

"डावा पाय!"

आणि विमान जे डावीकडे गर्रकन फिरलं! धावपट्टी बाजूलाच राहिली, आम्ही स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि थेट शेतात घुसलो.

नानांनी परत उभं केलं. "डावा पाय!" परत गिरकी, परत शेत.

"कुणी हात लावला याला?" नाना कडाडले. "रात्रीतून परत काहीतरी घातलं यात! हलकट मशीन! चांगलं चाललेलं यांना बघवत नाही!" मुलगा हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मी म्हणत होतो ना. जुनं आहे ते. किती दिवस ओढणार?" सुनेची नजर दाराबाहेर, डिकीतल्या बॅगांकडे. मी उठून पेडलच्या मापाची खिडकी उघडली. अक्कांनी पाय नुसता टेकवला असेल, तर डावीकडची पट्टी एका झटक्यात काठोकाठ भरली. मी परत बघितलं. मशीन ठीक होतं. त्याला पूर्ण म्हणून सांगितलेलं माप अक्कांच्या पायाने कधीच मागे टाकलं होतं, आणि पूर्वी लगेच सुटणारा तो पाय आता दाबलेला राहत होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का बोलल्या. मान न वळवता.

"मशीनले काबर बोलतस? पाय मन्हा शे."

अक्कांनी लुगड्याचा घोळ जरा वर घेतला, डावा पाय नीट बसवला आणि मला म्हणाल्या, "परत माप ले. आते पुरा दाबसू."

मी लावलं. मशीनने विचारलं, पूर्ण दाबा. अक्का दाबत गेल्या. जाळी खाली गेली, आणखी खाली गेली, आणि लोखंड फळीला टेकून खट् असा आवाज झाला. तो आवाज मुलाने ऐकला. त्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग विचारलं, "आई, मग पुण्याचं?"

"पहिले इले जळगावले सोडू दे," अक्का म्हणाल्या.

नानांनी डोळे पुसले, मूठ धरली, घसा खाकरला आणि गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "डावा पाय!"

पाय आधीच फळीला टेकला होता. अक्का म्हणाल्या, "दाबेल शे."